नोकरी सोडायच्या विचारात आहात? आधी ‘उद्यम’ नोंदणीचा हिशेब बघा

स्वतःचं काम सुरू करायचं म्हटलं की मुंबईत पहिला सल्ला मिळतो, ‘उद्यम काढून टाक’. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीची (एमएसएमई) केंद्र सरकारची ही ऑनलाइन नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. फी शून्य, अपलोड करायचा कागद एकही नाही आणि नूतनीकरणाची कटकटही नाही. सरकारी सेवा म्हणून तिला चांगलेच गुण द्यावे लागतील.

पहिला खड्डा पोर्टलच्या बाहेरच आहे. गुगलवर ‘उद्यम रजिस्ट्रेशन’ शोधलं की तिरंगी पट्टी लावलेली खासगी संकेतस्थळंही समोर येतात. फॉर्म तसाच दिसतो, शेवटी पैसे मागतात. खऱ्या पोर्टलचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. पैसे मागितले की समजायचं, चुकीच्या दारात आलोय.

आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल एवढं हाताशी हवं. नाव आधारवर छापलंय तसंच टाका. पॅनवरचं नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही तर गाडी तिथेच अडते, मग आधी पॅन दुरुस्त करून घेणं आलं. एकट्याचा धंदा असेल तर संस्थेचा प्रकार ‘प्रोप्रायटरी’. जीएसटी क्रमांक नसेल आणि कायद्याने लागत नसेल, तर त्यावाचून फॉर्म अडत नाही.

जिल्हा निवडताना मुंबईकर हमखास गोंधळतात. माहीम-शीवपर्यंत मुंबई शहर, वांद्रे-कुर्ल्यापासून पुढे मुंबई उपनगर. डोंबिवलीतल्या घरून काम करणार असाल तर अंधेरीत कितीही ग्राहक असोत, जिल्हा ठाणेच. कामाचा ‘एनआयसी’ कोड, म्हणजे कामाचा प्रकार सांगणारा सरकारी आकडा, हाही घाईत निवडू नये. डिझाइनचं काम ७४१० खाली येतं, फोटोग्राफी ७४२० खाली, प्रोग्रॅमिंग ६२०१ खाली. एका पॅनवर नोंदणी एकच होते, पण तिच्यात कामं कितीही जोडता येतात. तेव्हा शनिवार-रविवारचं फोटोग्राफीचं कामही आत्ताच घाला.

बँकेच्या रकान्यापाशी बरेच जण थांबतात. फॉर्मला खातं हवं, आणि बँकेला चालू खातं उघडायला धंद्याचे कागद हवेत. आधी बचत खात्याचा तपशील द्या, चालू खातं उघडलं की तो बदलून टाका. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार एकट्याच्या धंद्याला साधारण दोन पुरावे लागतात. उद्यम प्रमाणपत्र हा एक झाला. दुसरा म्हणून गुमास्ता (दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी) किंवा व्यवसाय कराची नोंदणी चालते.

आता मुद्द्याचं. नोकरी सोडावी की नाही या प्रश्नाशी या नोंदणीचा खरा संबंध येतो तो उधारीमुळे. एमएसएमई विकास कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर केला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी थकलेली रक्कम ग्राहक कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणूनच मार्च जवळ आला की कंपन्यांचे अकाउंटवाले ‘उद्यम आहे का?’ म्हणून विचारत फिरतात. नोंदणी पहिल्या बिलाच्या आधी झालेली हवी. आधी काम आणि मागून नोंदणी, अशा प्रकरणांत कोर्टात वाद झालेले आहेत. धंदा सुरू करण्याचा नुसता इरादा असला तरी नोंदणी करता येते, आणि नोकरीत आहात का हे फॉर्म विचारत नाही. नेमणूकपत्रात दुसरा व्यवसाय न करण्याचं कलम आहे का, ते मात्र स्वतःच वाचायचं.

पण कायदा पाळणारा ग्राहक मिळाला तरी गणित काय होतं बघा. १ एप्रिलला काम सुरू, ३० तारखेला काम आणि ८०,००० रुपयांचं बिल दोन्ही हातात दिलं. ४५ दिवस म्हणजे १४ जून. त्यातही व्यावसायिक सेवेवर १० टक्के टीडीएस कापला तर खात्यात ७२,०००. म्हणजे पहिला पैसा दिसेपर्यंत अडीच महिन्यांचं भाडं, हप्ते, लोकलचा पास आणि किराणा गाठीशी हवा, तोही सगळं सुरळीत झालं तर. पैसे थकले तर सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते आणि अशा तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या सुलभीकरण परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. त्या ९० दिवसांवर घरखर्च बेतू नका. एका फोनवर पैसे सोडणारे दोन ग्राहक परिषदेपेक्षा केव्हाही बरे.

जाहिरातीत न दिसणारी एक मेख आहे. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यममध्ये घेतलं खरं, पण फक्त बँकांच्या प्राधान्य कर्जापुरतं. दादरहून साड्या आणून विकणाऱ्याला ४५ दिवसांचं संरक्षण नाही. तोच माणूस ब्लाउज शिवून देत असेल तर त्या शिलाईच्या कामाला आहे.

उद्यम म्हणजे परवाना नव्हे, हेही अनेकांना उशिरा कळतं. डबे पुरवायचे तर अन्न सुरक्षेची नोंदणी वेगळी काढावीच लागते. गाळा घेतला आणि माणसं वीसपेक्षा कमी असतील तर गुमास्ता म्हणजे नुसती सूचना देणं, पण पाटी मराठीत देवनागरीत हवी आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं तिच्याहून मोठी नकोत. पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर नोकरी सुटल्यावर स्वतः भरायचा असतो, वर्षाला २,५०० रुपये, आणि त्यासाठी ३० दिवसांत नाव नोंदवायचं. हा सगळ्यात जास्त विसरला जाणारा कागद. जीएसटी सेवांना वर्षाला २० लाखांपर्यंत आणि मालाला ४० लाखांपर्यंत सहसा लागत नाही. तरी ‘वजन पडतं’ म्हणून हौसेने घेतला तर महिन्यात एक रुपयाचा धंदा नसतानाही विवरणपत्र भरायचं, आणि उशीर झाला तर दिवसाला २० रुपये.

कंपन्यांना सेवा देणारे, म्हणजे डिझायनर, अनुवादक, प्रोग्रॅमर, दुरुस्तीची कंत्राटं घेणारे, यांच्यासाठी ५ पैकी ४. सोसायटीतल्या गिऱ्हाइकांना रोखीने माल विकणाऱ्यांसाठी २, कारण त्यांची उधारी वसूल करायला हा नंबर कामाचा नाही. ज्यांनी काढलाय त्यांनी तो प्रत्येक बिलावर, पॅनच्या खालच्या ओळीत छापावा आणि प्रमाणपत्राची पीडीएफ पहिल्याच बिलासोबत पाठवावी. ग्राहकाच्या अकाउंट्स खात्यात तुमची नोंद ‘सूक्ष्म’ म्हणून झाली की नाही, हे फोन करून विचारायचं, तेही पहिल्याच महिन्यात.