काटावीचे पाणघोडे आणि आमचे अडीच लाख

टांझानियातल्या सेरेंगेटी पार्कला आमच्या सोसायटीतली तीन कुटुंबं जाऊन आलीत. तिथली टूर ठरवताना शंका आली तर निदान खालच्या मजल्यावर जाऊन विचारता येतं. काटावीला मात्र ओळखीतलं कोणीच गेलेलं नव्हतं, आणि आम्हाला कौतुक होतं ते त्याचंच. फसवणाऱ्यालाही तेच हवं होतं.

काटावी हे टांझानियाच्या पश्चिमेला, म्पांडा गावाजवळचं नॅशनल पार्क. 1974 साली झालेलं, साधारण 4,471 चौरस किलोमीटरचं, म्हणजे बफर धरूनही ताडोबाच्या अडीचपट. पर्यटक इतके कमी, की दिवसभर दुसरी गाडी दिसली नाही तरी नवल नाही. पाऊस संपला की काटुमा नदी आटत जाते आणि उरलेल्या डबक्यांत शेकडो पाणघोडे एकमेकांना खेटून चिखलात पडून राहतात. साडूभाऊंनी इन्स्टाग्रामवर तो फोटो पाहिला. ताडोबात जिप्सींच्या रांगेत धूळ खाऊन कंटाळलेले आम्ही चौघं एका रात्रीत काटावीवाले झालो.

फोटोखालच्या नंबरवर मेसेज केला. माणूस अदबीने बोलणारा, रात्री अकराला विचारलं तरी उत्तर देणारा. चार रात्री, टांझानियातल्याच आरुशा शहराहून छोट्या विमानाने जाणं-येणं, जेवणासकट कॅम्प, माणशी 1,150 डॉलर. पार्क फी तेवढी वेगळी. तिथल्या बऱ्या कॅम्पमध्ये दोन रात्रींतच एवढे पैसे उडतात, विमानाचं भाडं सोडून, हे नंतर कळलं. तेव्हा वाटलं, मधला दलाल नाही म्हणून स्वस्त पडतंय. (दलाल नसल्याचा आनंद आपल्याला भलताच होतो.) ही शिक्षिका, त्यामुळे सुट्टी मेमध्येच. "मे चालेल?" विचारलं, तर "ग्रीन सीझन आहे सर, म्हणूनच डिस्काउंट."

मी मूळचा अकोल्याचा. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर काय होतं ते मला कोणी शिकवायला नको. काटावीच्या मैदानांतली मातीही तशीच, काळी आणि चिकट. तिथे नोव्हेंबरच्या आसपास पाऊस लागतो तो एप्रिल-मेपर्यंत; त्यालाच तो 'ग्रीन सीझन' म्हणत होता. रस्ते बसतात, गाड्या रुततात, म्हणून बहुतेक कॅम्प त्या दिवसांत कुलूप लावतात. पाणघोड्यांची ती गर्दी सप्टेंबर-ऑक्टोबरची. नदी भरलेली असताना ते कशाला एका डबक्यात कोंबून घेतील? फोटोत मागचं गवत वाळून करपलेलं स्पष्ट दिसत होतं. तो फोटो मी महिनाभर फोनच्या स्क्रीनवर ठेवला होता.

अर्धे पैसे आगाऊ, म्हणजे 2,300 डॉलर. खातं टांझानियातलं नव्हतं, तिसऱ्याच देशातलं आणि कोणा एका व्यक्तीच्या नावावर. "आमची अकाउंटंट आहे," म्हणाला. वर सल्लाही दिला, "बँकेत टूर सांगू नका, टीसीएस कापतील. गिफ्ट म्हणा." टीसीएस म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ कापला जाणारा कर; तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो हे मला ठाऊक होतं. तरी तेवढे पैसे अडकायला नकोत म्हणून फॉर्मवर 'गिफ्ट' लिहून सही ठोकली.

पंधरा दिवसांनी पार्क फीची घाई सुरू झाली. माणशी दिवसाला 30 डॉलर, चौघांचे चार दिवस, वर 18 टक्के व्हॅट: 566 डॉलर 40 सेंट. मी दर तपासले, हिशोब पैशापर्यंत जुळला. जे खरं होतं तेवढंच मी तपासलं, आणि निर्धास्त झालो! तिथे सरकारी फी कंट्रोल नंबरवर, म्हणजे सरकारी बिलाच्या नंबरवर, भरतात आणि ती थेट सरकारी खात्यात जाते. त्याने पाठवलेल्या कागदावर तसा एक नंबरही होता, पण पैसे मागितले ते पुन्हा त्याच अकाउंटंटच्या खात्यात. तेही पाठवले.

मग व्हाउचर आले. विमानाच्या कागदावर सामान 23 किलो, हँडबॅग 7 किलो. साडूभाऊंनी त्या मापाने नवी कडक ट्रॉली बॅग आणली. तिच्याकडे बघून ही म्हणाली, "अहो, बारा सीटच्या विमानात हे धूड ठेवणार कुठे?" शोधलं तर तसल्या विमानांत माणशी साधारण 15 किलो, हँडबॅग धरून, आणि तेही मऊ पिशवीत. माझ्या पोटात गोळा आला. कॅम्पच्या स्वतःच्या वेबसाइटवरून पत्ता काढून मेल केली. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर: या नावाने बुकिंग नाही. मे महिन्यात आम्ही बंद असतो.

ही मेल पहिल्या दिवशी करायला काय झालं होतं? फुकट होती. तिथल्या टूरवाल्यांच्या संघटनेची, टाटोची, सभासद यादी बघायलाही पैसे पडत नाहीत. लायसन्सची प्रत मागावी, खातं टांझानियातलं आणि कंपनीच्याच नावाचं हवं म्हणून अडून बसावं. खरा माणूस कागद देतो, खोटा डेडलाइन देतो. आम्हाला दर वेळी 'आज रात्रीपर्यंत'च मिळालं.

1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बँकेने पैसे परत मागवून पाहिले, पण खातं तोवर रिकामं. सायबरच्या साहेबांनी फॉर्म वाचला आणि विचारलं, "काका, गिफ्ट कोणाला दिलंत?" साडूभाऊ खिडकीबाहेर बघायला लागले.

परवा एका नव्या अकाउंटवर तोच फोटो दिसला. तेच पाणघोडे, तेच करपलेलं गवत, पार्कचं नाव मात्र युगांडातलं. मी खाली लिहिलं, "हा काटावीचा आहे, कोरड्या दिवसांतला." पाच मिनिटांत मला ब्लॉक केलं.