टॅपेट कव्हरमधून तेल गळतंय: रबरी पॅकिंग बदलायचं की सिलिकॉनची ट्यूब लावायची?

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनच्या माथ्यावरचं झाकण आणि पॅकिंग म्हणजे त्याच्या कडेखालची रबरी पट्टी. गळती टॅपेट कव्हरचीच आहे हे नक्की झालं असेल तर पुढे वाचा, नसेल तर आधी ते बघा, कारण मी तिथेच फसणार होतो. गाडी २००९ ची पेट्रोल हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटर झालेली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉकवर थाळीएवढा काळा डाग, तो पण बरोब्बर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली. एका गॅरेजवाल्याने वाकून टॉर्च मारली आणि म्हणाला, मागचं मेन सील (इंजिनचा दांडा गिअरबॉक्सकडे बाहेर पडतो तिथलं) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, चौदा हजार धरा. मी काही धरले नाहीत. दरम्यान कुणीतरी माझ्या जागेसमोरच्या खांबावर कागद चिकटवला होता, "आपल्या वाहनाचे तेल आपल्या स्वयंपाकघरात सांडावे." सही नाही, पण अक्षर ओळखीचं.

मग रविवारी सकाळी इंजिन थंड असताना डिझेल आणि जुना ब्रश घेऊन मागची बाजू स्वच्छ केली, अल्टरनेटरवर पिशवी बांधली होती, दुपारपर्यंत नीट वाळू दिलं, वरून टाल्कम पावडर भुरभुरली आणि कोथरूडहून निघून कात्रजचा जुना घाट चढून परत आलो. बॉनेट उघडलं तर पांढऱ्या पावडरीत एकच तपकिरी ओघळ, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेला, इंजिन ब्लॉकच्या पाठीवरून सरळ खाली. तेल खाली जातं, गाडी चालू असली की वाऱ्याने मागे पण जातं, वर काही चढत नाही, त्यामुळे सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधायचा, खालचा डाग काही सांगत नाही. मेन सील ठणठणीत होतं.

आता मुद्दा. कव्हर खोलल्यावर दोन रस्ते आहेत आणि मी दोन्ही केलेत, आधी सिलिकॉन, नंतर पॅकिंग.

सिलिकॉनच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. ट्यूब मला दीडशेला मिळाली, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे पण असते, गाडीचं मॉडेल वगैरे काही सांगावं लागत नाही. आणि कव्हर पत्र्याचं असेल, आधीच्या कुणी बोल्ट आवळून आवळून ते वाकवलं असेल तर रबर तिथे नीट बसत नाही, सिलिकॉन मात्र ती फट भरून काढतं. फक्त इंजिनची ट्यूब घ्या, बाथरूमची नको, व्हिनेगरसारखा वास मारते ती तर नकोच, तिच्यातलं ॲसिड धातू खातं. आणि घाई करू नका. हे हवेतल्या दमटपणाने वाळतं, वरची साय दहा-पंधरा मिनिटांत धरते पण आतून पक्कं व्हायला दिवसभर लागतो, आपल्याकडच्या कोरड्या एप्रिल-मे मध्ये तर मी दीड दिवस गाडी हलवली नव्हती. माझी गळती थांबली का? थांबली. सव्वा वर्ष थेंब नाही. तेवढ्यावर हा लेख लिहिला असता तर मी सिलिकॉनच म्हणालो असतो.

गंमत नंतर झाली. टॅपेटचा आवाज यायला लागला, व्हॉल्वची गॅप सेट करायला कव्हर परत खोलायचं होतं. बोल्ट निघाले, कव्हर निघेना. रबरी हातोडीने बाजूने ठोकून शेवटी सुटलं आणि दोन्हीकडे, कव्हरला पण आणि ते ज्यावर बसतं त्या इंजिनच्या हेडला पण, काळी पट्टी अशी चिकटलेली की बस. हेड ॲल्युमिनियमचं, पत्री चालवली तर ओरखडा आणि ओरखडा म्हणजे पुढची गळती, म्हणून जुनं एटीएम कार्ड घेऊन खरवडत बसलो, दोन तास. तुकडे खोडरबराच्या चुऱ्यासारखे निघतात आणि नेमके आत पडतात. तेल खाली जायची भोकं चिंध्यांनी बंद केली होती पण एक चिंधी उचलली तर तिच्याखालीच दोन तुकडे, म्हणजे किती आधीच खाली गेले कुणास ठाऊक. शिवाय लावताना मी हात सैल सोडला होता, त्यामुळे आतल्या कडेला शेवयांसारखी लोंबलेली पट्टी होती, ती तुटून संपमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीत गेली आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसली तर दीडशेच्या ट्यूबपायी इंजिनचं काम निघतं. तसं काही झालं नाही, पण तेव्हापासून ऑइल बदललं की जुनं तेल मी चहाच्या गाळणीतून ओततो. ती गाळणी आता टूलबॉक्समध्ये असते, घरातून तसा हुकूम आहे.

त्याच दिवशी मी जुन्या कव्हरचा फोटो आणि चॅसी नंबर घेऊन नाना पेठेत गेलो. पॅकिंग साडेचारशेला मिळालं, ओरिजिनल. शेजारच्याकडे एकशे ऐंशीचं पण होतं, ते हातात घेतल्यावरच कडक लागलं, खाचेत बसवून बघितलं असतं तर कोपऱ्यात उठलं असतं असं मला वाटलं, तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. स्पार्क प्लग खोल विहिरीत असतील तर त्यांच्या गोल सील्स सेटमध्ये आहेत का विचारून घ्या, नाहीतर बाहेरची गळती थांबते आणि प्लगच्या विहिरीत तेल साचत राहतं.

बसवायला वीस मिनिटं. खाच पुसून कोरडी करायची, रबर दाबत न्यायचं, जिथे कॅमची (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याची) अर्धगोल कड येते त्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढं सिलिकॉन (हो, ट्यूब लागतेच), बोल्ट मधल्यापासून बाहेरच्याकडे, आलटून पालटून आवळायचे. हे १० च्या पान्याचे छोटे बोल्ट, साधारण १० न्यूटन मीटरचे, म्हणजे रॅचेट टोकाला न धरता मुंडीजवळ धरून जेवढं बसेल तेवढंच. आपल्याकडे सगळं "अजून थोडं" म्हणून आवळतात आणि तिथेच रबर चिरडतं.

आणि एक, पीसीव्ही व्हॉल्व, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ-हवा बाहेर काढणारी छोटी झडप, काढून कानाशी हलवून बघा. खुळखुळ वाजला पाहिजे. तो चोंदला असेल तर इंजिनमधला दाब बाहेर जायला वाट शोधतो, मग पॅकिंग लावा नाहीतर सिलिकॉन, दोन्ही पुन्हा ओली होतील.

पॅकिंगला आता तीन वर्षं होतील, मध्ये एकदा कव्हर खोललं, पाच मिनिटांत निघालं, तेच रबर पुसून परत लावलं. एकदाच खोलायचंय, गाडी वर्षभरात विकायचीय असं असेल तर सिलिकॉनला नाव ठेवणार नाही. संपची गोष्ट पण वेगळी, तिथे बऱ्याच गाड्यांना कंपनीच सिलिकॉन लावते. पण टॅपेट कव्हर ही परत परत उघडायची जागा आहे.

डाग कपडे धुवायच्या पावडरने बराच गेला. कागद अजून खांबावर आहे.