गांधीलमाशी डेकवर: वेस्टलँड वॉस्पसोबत तीन आठवडे

घरच्या कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी मी वेस्टलँड वॉस्प हेलिकॉप्टरचा ॲड-ऑन, म्हणजे वेगळा जोडायचा भाग, घेतला. पहिल्या आठवड्यात मी अकरा वेळा समुद्रात पडले. भाचा रोज संध्याकाळी दारातून डोकावायचा आणि विचारायचा, "आत्या, आज किती?" आता तो विचारत नाही. म्हणून लिहायला बसले.

वॉस्प म्हणजे गांधीलमाशी. ब्रिटिश नौदलाचं हे छोटं हेलिकॉप्टर १९६३ मध्ये सेवेत आलं. लिअँडर वर्गातल्यासारख्या फ्रिगेटच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेच्या, मागच्या टोकाला जी चिंचोळी जागा असते, तिथून उडायचं आणि तिथेच परत यायचं. होम सिम्युलेटरमध्ये हेलिकॉप्टर म्हटलं की लोक शहरावरून घिरट्या घालायला बघतात. तेवढंच करायचं असेल तर हा ॲड-ऑन घेऊ नका. हवेत वॉस्प बऱ्यापैकी कंटाळवाणं आहे. ताशी १९० किलोमीटरच्या आसपास त्याचा वेग संपतो आणि पुढे खालचं पाणी बघत बसायचं. खरी मजा शेवटच्या तीस मीटरमध्ये आहे, आणि बनवणाऱ्यांनी सगळी मेहनत तिथेच ओतलेली दिसते.

याला स्किड, म्हणजे जमिनीवर टेकायच्या लांब आडव्या पट्ट्या, नाहीत. चार लांब पाय, आणि प्रत्येकाच्या टोकाला ऑफिसच्या खुर्चीसारखं गरागरा फिरणारं चाक. याचंच लष्करी भावंड स्काउट स्किडवर बसतं. त्याला डुलणाऱ्या डेकवर उतरायचं नसतं. वॉस्पची चाकं तिरकी वळवून लॉक केली की ते डेकवर जागच्या जागी फिरतं, पण घरंगळत नाही. मी पहिले चार दिवस लॉक करायलाच विसरत होते. अगदी अलगद टेकले, स्वतःवर खूश झाले, कॉफीच्या कपाला हात घातला, आणि जहाज कलल्याबरोबर हेलिकॉप्टर शांतपणे कठड्याकडे निघालं.

दुसरी गंमत त्याहून मोठी. टेकल्यावर कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा, तळाशी नेलं तर वॉस्पच्या पात्यांचा कोन उणे होतो. म्हणजे रोटर हेलिकॉप्टरला वर ओढण्याऐवजी डेकवर दाबून धरतो. मग माणसं धावत येऊन दोरखंड अडकवेपर्यंत ते हलत नाही. ॲड-ऑनमध्ये हे इतकं छान जमलंय की दाब बसला की पाय किंचित फाकतात आणि कॉकपिट दोन बोटं खाली बसल्यासारखं वाटतं. पण माझ्याकडे साधी, पिळता येणारी जॉयस्टिक आहे, कलेक्टिव्हसाठी तिच्यावर एक छोटी सरकपट्टी. तिला शून्याखाली जागाच नाही. उणे कोनासाठी वेगळं बटण नेमावं लागतं आणि ही गोष्ट मॅन्युअलच्या ४१व्या पानावर, तळटीपेत आहे. शिवाय सरकपट्टी उलटी करून घ्या. विमानात पुढे ढकललं की ताकद वाढते, कलेक्टिव्ह वर ओढावं लागतं. माझे अकरापैकी निदान सहा अपघात निव्वळ या उलटसुलटपणाचे होते.

उतरायची रीत मात्र मनापासून शिकण्यासारखी. मागून सरळ डेकवर यायचं नाही. जहाजाच्या डाव्या अंगाला, त्याच्याच वेगाने, त्याच्या शेजारी तरंगत राहायचं. लाटांची लय ओळखायची. मग आडवं सरकून डेकवर यायचं आणि टेकायचं. नुसतं तरंगत राहण्यातच माझा घामटा निघतो. निंबस इंजिन मुळात १,०५० अश्वशक्तीचं, पण वॉस्पमध्ये ७१० वर बांधलेलं, त्यामुळे टॉर्कच्या, म्हणजे इंजिन किती जोर लावतंय ते दाखवणाऱ्या, काट्यावर नजर ठेवूनच कलेक्टिव्ह ओढायचं. तो काटा वाचायला मला चष्म्याच्या खालच्या भागातून बघावं लागतं, आणि मान वर केली की जहाज निघून गेलेलं असतं. घड्याळं मोठी दाखवायची सोय द्यायला हवी होती.

शस्त्रांचं काय? टॉर्पेडो टाकता येतो, पण पाणबुडी शोधायला स्वतःचं काहीच नाही. ही ॲड-ऑनची चूक नव्हे, खऱ्या वॉस्पकडेही सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं शोधणारं यंत्र, नव्हता. जहाजाचा सोनार शोधणार, रेडिओवरून दिशा सांगणार, आणि तुम्ही सांगितलेल्या ठिकाणी टाकून परतायचं. आपण निव्वळ कुरिअर. रेडिओवरचा तो शांत, किंचित वैतागलेला आवाज मला फार आवडला. एएस-१२ क्षेपणास्त्रंही आहेत, तारेवरून वळवायची, डाव्या सीटवरून छताच्या दुर्बिणीत बघून. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात, साउथ जॉर्जिया बेटाजवळ, वॉस्पनी हीच अर्जेंटिनाच्या सांता फे पाणबुडीवर डागली होती. त्यातली काही तिच्या फायबरग्लासच्या मनोऱ्यातून न फुटताच आरपार गेली. इथे मात्र प्रत्येक क्षेपणास्त्र नेमाने फुटतं. सिनेमासारखं. मला खटकलं.

इंजिनाचा आवाज आतून ठीक, बाहेरून मिक्सर. तो मी बाहेरच्या कॅमेऱ्यात बंदच ठेवते.

सगळ्यात विनोदी दोष घडीचा. हँगरमध्ये, म्हणजे जहाजावरच्या हेलिकॉप्टरच्या खोलीत, मावावं म्हणून पाती मागे दुमडतात, शेपटीही वळते. ॲनिमेशन बघत राहावं असं. पण घडी केलेल्या अवस्थेत इंजिन सुरू करायला सॉफ्टवेअर अडवत नाही. मी परवा चुकून केलं. मिटलेली पाती फिरली, हँगरच्या भिंतीतून गेली, आणि हेलिकॉप्टर छत फोडून आडवंतिडवं आकाशात. बनवणाऱ्यांना कळवलंय, उत्तरात "पुढच्या अपडेटमध्ये बघू" आलंय. तोवर घडीचं बटण मी जॉयस्टिकवरून काढून टाकलंय आणि तिथे चाकांचं लॉक बसवलंय.