क्रिएटिनिन उतरलं म्हणून आम्ही खुश झालो होतो

हे लिहायला मला उशीरच झालाय पण आत्ता अजून कोणाच्या घरी हेच चालू असेल म्हणून लिहितेय.

बाबांना डायबिटीस जुना, त्यात बीपी. क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, जो किडनी बाहेर टाकते आणि किडनी बिघडली की रक्तात वाढतो) ३.१ आलं, डॉक्टरांनी पुढेमागे डायलिसिस लागेल म्हटलं आणि घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं. तेवढ्यात ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. बोलायला एकदम गोड, "ताई, डायलिसिस एकदा मागे लागलं की सुटत नाही, तीन महिन्यांत किडनी नव्यासारखी करतो, फक्त इंग्लिश औषधं सगळी बंद करा." पैसे पूर्ण आधी घेतले, बिल नाही. कुरिअरने पावडर आली, पाकिटावर ना नाव, ना घटक, ना बॅच नंबर, आणि आम्ही तेही चालवून घेतलं.

दीड महिन्याने क्रिएटिनिन २.७! आम्ही त्याचे पाय धरायचे बाकी होतो, लगेच दुसऱ्या कोर्सचे पैसे पाठवले.

खरी फसवणूक इथेच आहे, नीट वाचा. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. त्याच्या कडक पथ्याने बाबांचे दंड पार सुकले होते, स्नायूच उरले नाहीत तर क्रिएटिनिन येणार कुठून? शिवाय बीपीच्या काही गोळ्यांनी ते थोडं वाढलेलं दिसतं, गोळी बंद केली की उतरतं, पण तीच गोळी किडनीला जपत असते. म्हणजे आकडा उतरत होता आणि किडनी आतून जातच होती. एका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन म्हणजे गाळण्या असतात, गेलेली गाळणी परत येत नाही, मग पावडर नवी कुठून आणणार होती?

मग पाय सुजले. नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि किती वेळ तसाच राहायचा. त्याला फोन केला तर म्हणे विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे. आठ दिवसांत बाबांना आडवं झोपता येईना, धाप लागायची, पोटॅशियम ६.८, हृदय कधीही थांबलं असतं. त्याच रात्री डायलिसिस करावं लागलं, मानेत नळी घालून. डॉक्टर म्हणाले अशा पावडरींमध्ये पारा, शिसं सापडलेलं आहे आणि त्याने किडनी अजून खराब होते.

आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चार चार तास. त्या माणसाचा फोन बंद आहे. कोणी तुम्हाला फक्त उतरलेलं क्रिएटिनिन दाखवत असेल तर वजन किती उतरलं, लघवीतून प्रोटीन किती जातंय, पोटॅशियम किती आहे हे विचारा, आणि आपल्या डॉक्टरांना न सांगता एकही गोळी बंद करू नका प्लीज.