पद्मिनीच्या वायरिंगवर रॅचेट क्रिंपर आणि ऑटोमॅटिक स्ट्रिपर : काही महिन्यांच्या वापरानंतर

प्रीमियर पद्मिनी गाडीचं वायरिंग पूर्ण बदलताना ही दोन्ही हत्यारं भरपूर वापरून झाली: वायरच्या टोकाला धातूचं टर्मिनल दाबून बसवणारा (म्हणजे क्रिंप करणारा) क्रिंपर, आणि वायरवरचं प्लास्टिकचं आवरण, म्हणजे इन्शुलेशन, सोलणारा स्ट्रिपर. क्रिंपर ठेवण्यासारखा आहे. स्ट्रिपरचं कौतुक जरा जपूनच.

क्रिंपर घेताना डाय, म्हणजे टर्मिनल दाबणाऱ्या जबड्यातला साचा, बघून घ्या. लाल-निळ्या-पिवळ्या प्लास्टिकचं आवरण असलेल्या टर्मिनलसाठीची (लग्ज) अंडाकृती डाय इथे चालत नाही. 6.3 मिमीच्या उघड्या पितळी टर्मिनलचे पंख आत वळवून तांब्यात रुतवणारी डाय हवी. टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात: पुढची तांब्यावर, मागची इन्शुलेशनवर. साधारण 5 मिमी वायर सोलली की दोन जोड्यांमधल्या फटीत तांबं आणि इन्शुलेशन दोन्ही दिसतात, पुढे तारांचं टोक जेमतेम 1 मिमी डोकावतं. जास्त सोललं तर मागच्या पंखात तांबंच जातं, वायरला आधार राहत नाही आणि इंजिनच्या थरथरीने ती तिथेच तुटते. कमी सोललं तर पुढचे पंख प्लास्टिक चावतात. दिवा लागतो, पण जोड तापतो.

क्रिंपरऐवजी साध्या पकडीने (प्लायरने) चेपलेली टर्मिनल वरून ठीक दिसतात, ओढली की निसटतात. प्रत्येक जोड हाताने जोरात ओढून बघायचाच. क्रिंप करण्याआधी टोकाला कथील लावू नका. दाबाखाली कथील हळूहळू सरकतं आणि पकड सैल होते. कथील वायरमध्ये वर चढलं तर ती तिथे कडक होऊन तुटते, हे वेगळंच. स्वस्त, पातळ पत्र्याच्या टर्मिनलचे पंख वळताना चिरतात. तिथे क्रिंपर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. आणि हो, हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) आधी वायरवर चढवा. घाईत हेच राहतं.

स्ट्रिपर नव्या 1 ते 2.5 चौ. मिमी वायरवर झकास चालतो. 0.75 वर त्याचा दाब जमवायचा स्क्रू नीट लावला नाही तर दोन-चार तारा कापतो. जुन्या, कडक झालेल्या इन्शुलेशनवर दात घसरतात, तिथे साधा हाताचा स्ट्रिपरच बरा. जुनी वायर ठेवायची असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा. आतपर्यंत काळी निघाली तर ती बदला. काळ्या तांब्यावर क्रिंप धरत नाही.

अर्थच्या (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या वायरच्या) रिंगखालचा रंग खरवडून दातेरी वॉशर टाका, घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन लावा. पावसाळ्यात पहिली गडबड इथेच होते.

तपासणीसाठी हेडलाइट लावून व्होल्टवर ठेवलेल्या मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या प्लसला, दुसरी बल्बच्या प्लस टर्मिनलला लावा. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. जास्त आलं तर बल्बकडून एकेक जोड मागे येत तपासा. आकडा जिथे एकदम उतरतो, तो जोड पुन्हा करा.

बऱ्याच वापरानंतर क्रिंपरचा दाब कमी पडू लागतो. बाजूचं दातेरी चाक एक दात पुढे सरकवलं की पूर्ववत.