काडी लावायची की लॅबला पाठवायचं?

कापडाचा एचएस कोड (कस्टम्ससाठी मालाचं वर्गीकरण करणारा क्रमांक) ठरवायला जाळून बघणं पुरेल का, असं एका मित्राने विचारलं. काडीला खर्च नाही, वेळ मिनिटभर. धागा उसवून पेटवा: सुती कागदासारखं जळतं, मऊ करडी राख उरते, पॉलिस्टर वितळून आकसतं, टोकाला कडक मणी. लोकर-रेशमाला जळक्या केसांचा वास. पण व्हिस्कोसही (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा) सुतीसारखंच जळतं, आणि मिश्रणात तर ही युक्ती पार गंडते.

लॅबला पैसे आणि दिवस जातात, पण कुठला धागा किती, याची टक्केवारी मिळते. खरी मेख तिथेच आहे. मागावरचं कापड वजनाने 85 टक्के किंवा जास्त सुती, चौरस मीटरला 200 ग्रॅमपर्यंत, तर 5208. त्याहून जड ते 5209. बोटांना 84 आणि 86 मधला फरक थोडाच कळतो!

माल घेताना चाळणी म्हणून काडी ठीक. कस्टम्सला घोषणापत्र द्यायचं तर लॅबच.