ऑर्थोच्या पहिल्या वर्षात खरंच काय कामाला आलं: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

एमएस ऑर्थोला (हाडांच्या सर्जरीला) जॉइन झाले त्याच आठवड्यात बाबांकडून पैसे मागून कॅम्पबेलचे, म्हणजे हाडांच्या ऑपरेशनच्या मोठ्या ग्रंथाचे, चारही खंड घेतले. १९३९ साली पहिली आवृत्ती निघालेलं पुस्तक, प्रत्येक सरांच्या टेबलामागे दिसणारं, म्हटलं आपणही घ्यावं. आज चौदा महिने झाले. एक खंड चार-पाचदा उघडला. उरलेल्या तीन खंडांवर खोलीतला टेबल फॅन ठेवलाय, उंची अगदी बरोबर जमते.

पुस्तक वाईट नाही, माझा हिशोब चुकला. सरकारी कॉलेजात जेआर-वनला (पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला) सलग वाचायला वेळ मिळतच नाही. इमर्जन्सीच्या दिवशी कॅज्युअल्टी, दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग, रक्ताची सोय, इम्प्लांटचा पाठपुरावा, डिस्चार्ज कार्डं. मिळतात ती दहा-दहा मिनिटं, तीही एक्स-रे धुऊन येईपर्यंतची (आता धुवायला लागत नाही, पण शब्द तसाच राहिलाय). त्यामुळे मी प्रत्येक गोष्ट एकाच कसोटीवर तोलते: पहाटे तीनला, उभ्या-उभ्या, दहा मिनिटांत उपयोग झाला का?

त्या कसोटीवर पहिला नंबर एओ सर्जरी रेफरन्स या साइटचा. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बिएलला काही सर्जनांनी सुरू केलेल्या एओ या फ्रॅक्चरवरच्या संस्थेची ही साइट फुकट आहे, ॲपही आहे. हाड निवडायचं, हाडाचा भाग निवडायचा, फ्रॅक्चरचा प्रकार निवडायचा. पुढे पोझिशन, अप्रोच, रिडक्शन (हाड जागेवर आणणं), फिक्सेशन (ते तिथे पक्कं करणं), नंतरची काळजी, सगळं चित्रांसकट. आदल्या रात्री केस बघून ठेवली की दुसऱ्या दिवशी सर हात पुढे करण्याआधी काय द्यायचं ते कळतं. आमच्या ओटीत नेटवर्क मेलेलं असतं, म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवते. दोष एकच. त्यातला पेशंट कायम ताजा असतो. आमच्याकडे हाडवैदाच्या बांबूच्या पट्ट्या बांधून तीन आठवड्यांनी आलेला पेशंट असतो, नाहीतर सरकारी योजनेच्या मंजुरीसाठी दहा दिवस ट्रॅक्शनवर (पायाला वजन लटकवून) पडलेला. त्या पेशंटसाठी सीनियरलाच विचारावं लागतं.

ऑर्थोबुलेट्स ही साइट सगळेच वापरतात, मीही. क्लासिफिकेशन, इंडिकेशन, कॉम्प्लिकेशन पटकन बघायला उत्तम. राउंडला सरांनी गुस्टिलो (उघड्या जखमेच्या फ्रॅक्चरचं वर्गीकरण) विचारलं तर वॉर्डच्या दारापर्यंत पोचता-पोचता उजळणी होते: १९७६ चं मूळ वर्गीकरण, टाइप तीनचे ए-बी-सी नंतर १९८४ मध्ये आले, वगैरे. पण ती साइट अमेरिकेतल्या परीक्षांसाठी बांधलेली आहे. आपल्या एमएसला लाँग केस येते टीबी हिपची, टीबी स्पाइनची, जुन्या नॉन-युनियनची (न जुळलेल्या हाडाची). तिथे खुब्याच्या तपासणीत ब्रायंटचा त्रिकोण काढावा लागतो, थॉमस टेस्ट नीट करून दाखवावी लागते. मल्टिपल चॉइस सोडवून हे हातात येत नाही. त्यासाठी ॲप्लीच्या पुस्तकातल्या ‘बघा, चाचपा, हलवा’ या क्रमाला पर्याय नाही आणि टीबीसाठी तुलींचं पुस्तक. बनारसमध्ये घडलेला त्यांचा ‘मिडल पाथ’ (आधी औषधं, गरज पडली तरच ऑपरेशन) आपल्या वॉर्डाला जितका लागू पडतो तितकं परदेशी पुस्तक पडत नाही.

होपनफेल्डचं अप्रोचचं (ऑपरेशनमध्ये हाडापर्यंत जायच्या वाटांचं) पुस्तक मात्र पैसे वसूल. कोणत्या दोन स्नायूंच्या मधून आत जायचं आणि त्यांच्या नर्व्ह वेगळ्या का, एवढंच तो शांतपणे सांगतो. कोपराखालच्या हातावरच्या हेन्रीच्या अप्रोचला खालच्या बाजूला ब्रॅकिओरेडियालिस आणि एफसीआर या दोन स्नायूंच्या मधून जायचं, एकाला रेडियल नर्व्ह, दुसऱ्याला मीडियन. हे एकदा डोक्यात बसलं की रिट्रॅक्टर धरून उभं राहण्याचा कंटाळा जातो. (माझी उंची पाच फूट एक इंच. मला ओटीत स्टूल लागतं. पहिले दोन महिने मागायला लाजले आणि काहीच दिसलं नाही. मुलींनो, स्टूल मागा.)

आता ज्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं ते साधन: प्लास्टर रूममधले मामा. पहिल्या महिन्यात मी कोलीसचा (मनगटाच्या फ्रॅक्चरचा) स्लॅब, म्हणजे अर्धं प्लास्टर, लावला. दिसायला छान, पण तळहातावर खूप पुढपर्यंत गेलेला. मामांनी पेशंटला फक्त “मूठ करा आजी” म्हटलं. आजींची बोटं मिटेनात. मामा मला काही बोलले नाहीत. कात्रीने स्लॅब तळहाताच्या आडव्या रेषेच्या मागे कापला आणि पुन्हा म्हणाले, “आता करा.” झाली मूठ. नंतर त्यांनीच शिकवलं: ओला स्लॅब बोटांनी धरायचा नाही, तळव्यांवर पेलायचा, नाहीतर बोटांचे खड्डे वाळतात आणि आत जखम होते. पाणी गरम घ्यायचं नाही, प्लास्टर घट्ट होताना स्वतःच तापतं. गुडघ्याखालचा स्लॅब लावताना पाऊल काटकोनात कुणीतरी धरून ठेवायचं. पुस्तकात हे सगळं आहे, चार ओळींत. मामांच्या हातात मात्र पंचवीस वर्षांचं आहे.

ट्रेनिंगच्या उद्दिष्टांबद्दल. लॉगबुकमध्ये छापील रकाने असतात: पाहिलं, असिस्ट केलं, देखरेखीखाली केलं, स्वतः केलं. ते भरावेच लागतात. बीसीबीआर हा संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्सही पहिल्या वर्षातच उरकून टाका, थेसिसच्या सिनॉप्सिसला त्याचा थोडा आधार होतो. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे (जिल्हा रुग्णालयातल्या कामाचे) तीन महिने तिसऱ्या ते पाचव्या सेमिस्टरमध्ये कधीतरी येतात, तोवर स्लॅब आणि रिडक्शन एकट्याने जमायलाच हवं, कारण तिथे सीनियर हाकेच्या अंतरावर असेलच असं नाही. मी डायरीच्या शेवटच्या पानावर माझी स्वतःची यादी लिहिली होती. पहिली ओळ होती ‘नेलिंग करायचं’ (हाडाच्या पोकळीत सळई घालायचं ऑपरेशन). चौथ्या महिन्यात ती खोडली आणि लिहिलं, ‘हात-पाय जाऊ द्यायचे नाहीत’.

कारण मे महिन्यात आलेला सात वर्षांचा मुलगा. आंब्यावरून पडला, कोपर सुजलेलं, गार्टलँड टाइप तीन, म्हणजे कोपराच्या वरचं हाड मोडून पूर्ण सरकलेलं. रेडियल पल्स लागत होती, म्हणून मी नोट लिहायला बसले. रजिस्ट्रार आला आणि त्याला म्हणाला, “अंगठा आणि बोट जोडून गोल करून दाखव बाळा.” मुलाने केलं, पण गोल होईना. अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक वाकतच नव्हतं, दोन्ही चपटी एकमेकांना टेकली. एआयएन (मीडियन नर्व्हची एक फांदी) गेलेली होती, ऑपरेशनच्या आधीपासून. ते नोटमध्ये नसतं तर नंतर ऑपरेशनच्या तारांवर ढकललं गेलं असतं. पिनिंग झालं (तारांनी हाड पक्कं केलं), पुढच्या काही महिन्यांत बोटं परत वाकायला लागली. तेव्हापासून कुठलंही कोपर आलं की आधी तीन खुणा: अंगठा वर, गोल, बोटं फाकवणं. रेडियल, एआयएन, अल्नर. आणि बोट ताणल्यावर मूल किंचाळलं (आतला दाब वाढल्याची खूण) तर पट्टी सोडायची, मगच फोन करायचा.

ट्रॅक्शन पिन (वजन लटकवण्यासाठी हाडातून आरपार घालायची) हे दुसरं उद्दिष्ट. अप्पर टिबियल पिन ट्युबरॉसिटीच्या (गुडघ्याखालच्या पुढच्या उंचवट्याच्या) दोन सेंटिमीटर खाली आणि दोन मागे, बाहेरून आत, कारण पेरोनियल नर्व्ह बाहेरच्या बाजूला आहे. टाचेची पिन उलटी, आतून बाहेर. ज्या बाजूला जपायचं, त्या बाजूने शिरायचं. मला हे पाठ होतं, तरी पहिल्यांदा हॅन्ड ड्रिल फिरवताना पिन तिरकी गेली आणि परत घालावी लागली. पेशंटची माफी मागितली.

ड्रिलिंगची प्रॅक्टिस मी बांबूवर केली, एका सीनियरच्या सांगण्यावरून. ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूला २.५ चं ड्रिल, ४.५ ला ३.२, हे आकडे पाठ होतात. पण दुसरं कॉर्टेक्स (हाडाची पलीकडची कडक भिंत) फुटल्यावर हात तिथेच थांबवणं पाठ होत नाही. बांबूच्या मागे बटाटा बांधायचा. ड्रिल बटाट्यात किती घुसलं ते मोजायचं. पहिल्या दिवशी तीन सेंटिमीटर. दिवाळीपर्यंत अर्ध्यावर. एओच्या बेसिक कोर्सला प्लास्टिकची हाडं मिळतात, तो कोर्स चांगलाच आहे, पण फी बघून दुसऱ्या वर्षात करायचं ठरवलंय.

यूट्यूबवर फार बोलण्यासारखं नाही. दीड पटीने पळवलेल्या सर्जरीत सगळं सोपं दिसतं. सी-आर्मजवळ (ओटीतल्या एक्स-रे मशीनजवळ) कुठे उभं राहायचं हे मात्र मला एका व्हिडिओनेच शिकवलं: लॅटरल (बाजूने एक्स-रे) घेताना किरणं सोडणाऱ्या ट्यूबच्या बाजूला नाही, ती टिपणाऱ्या इंटेन्सिफायरच्या बाजूला. थायरॉइड शील्ड शोधावी लागते, शोधा.

परवा नवीन जेआर-वन आला. पहिलाच प्रश्न, “मॅडम, कॅम्पबेल घेऊ का?” म्हटलं, माझे तीन खंड घेऊन जा. पण आधी पंख्याखाली ठेवायला काहीतरी आणून दे.